गाणं उघडतंय पण ढोलकी गायब!

प्रश्न : दादा, मी कॉम्प्युटरवर एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये गाणी बनवतो. परवा मित्राच्या स्टुडिओत मिक्सिंगला गेलो, पेनड्राइव्हवर गाण्याची एफएलपी (म्हणजे एफएलची प्रोजेक्ट) फाइल नेली, तिकडे उघडली तर ढोलकी, हलगी सगळं गायब, नुसता सिंथ (सिंथेसायझरचा आवाज) वाजतोय. घरी तेच गाणं मस्त चालतं. फाइल करप्ट झाली का? (एक वाचक, कराड)

उत्तर : करप्ट बिरप्ट काही नाही झालेली, तुझी ढोलकी घरीच राहिली रे. फाइलचा साइज बघ आधी. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टिरिओ रेकॉर्डिंग मिनिटाला जवळपास १६ एमबी खातं, आणि तुझी एफएलपी असेल काहीशे केबीची, मग त्यात ढोलकी बसणार कुठे? त्या फाइलमध्ये नोट्स असतात, मिक्सरची सेटिंग्ज असतात आणि सॅम्पलचा, म्हणजे ढोलकीसारख्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा, फक्त पत्ता असतो, म्हणजे अमुक ड्राइव्ह, डाउनलोड्स, त्यातलं ढोलकी फोल्डर, असा. मित्राच्या पीसीवर त्या पत्त्यावर कोणी राहतच नाही. सिंथ वाजला कारण नोट्स फाइलमध्येच होत्या आणि तो आवाज काढणारा प्लगइन (एफएलला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) त्याच्याकडेही होता, एवढंच नशीब. पटत नसेल तर रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरची आरपीपी प्रोजेक्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघ, साधी टेक्स्ट असते ती, प्रत्येक ऑडिओ क्लिपखाली तिचा पत्ता चक्क वाचता येतो.

आता उपाय. एफएलमध्ये फाइल मेनूत एक्सपोर्ट, तिथे झिप्ड लूप पॅकेज, की प्रोजेक्ट आणि सॅम्पल्स एकाच झिपमध्ये. एबलटन हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी कलेक्ट ऑल अँड सेव्ह करायचं, रीपरमध्ये सेव्ह ॲज करताना मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची टिक असते ती मारायची. प्लगइन मात्र यातलं काहीच सोबत नेत नाही, म्हणून समोरच्याकडे नसलेल्या प्लगइनचा ट्रॅक वेव्ह, म्हणजे साधी ऑडिओ फाइल, करूनच न्यावा. आणि फोल्डरची नावं बदलू नकोस बाबा, मी एकदा हौसेनं ‘ढोलकी नवीन’चं ‘ढोलकी जुनी’ केलं आणि निम्मी गाणी मुकी झाली, दोन रात्री गेल्या पत्ते जुळवण्यात.

प्रश्न : आमच्या ऑर्केस्ट्रात जुना कॉर्ग ट्रायटन कीबोर्ड आहे. तो बिघडला म्हणून भाड्याने दुसरा ट्रायटन आणला, गाण्यांची एसएनजी फाइल लोड केली तर पियानोच्या जागी भलतंच वाजलं आणि आमचे संबळाचे सॅम्पल तर आलेच नाहीत. (एक कीबोर्डवादक, नाशिक)

उत्तर : काका, आजार तोच, फक्त पेटी वेगळी. एसएनजीमध्ये नोट्स आणि ‘अमुक बँकेतला (आवाजांच्या कप्प्यातला) तमुक नंबर’ एवढंच असतं, त्या नंबरावर तुम्ही घडवलेला पियानो पीसीजी फाइलमध्ये असतो, भाड्याच्या मशीनवर तिथे दुसऱ्याच कोणाचा आवाज बसलाय. संबळ तिसरीकडे, केएससी फाइलमध्ये. ट्रायटन बंद केला की रॅममधले सॅम्पल उडतात त्यामुळे ते दर वेळी लोड करावेच लागतात. तुमचा मशीन दुरुस्त होऊन आला की डिस्क मोडमध्ये सेव्ह ऑल करा, तिन्ही फाइली एकदम निघतात. फक्त केएससी ही नुसती यादी आहे, तिच्यासोबत सॅम्पलचं जे फोल्डर तयार होतं तेही उचला, नाहीतर वरच्या कराडवाल्यासारखं व्हायचं.