पीसी चालू होईना? आधी रॅम काढून बघ
पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच, असं तू सांगतोस. म्हणजे वीज आत पोचतेय. लगेच नवा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, आणायला परभणीला पळू नकोस. कुणी मदरबोर्डच, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्डच, गेला म्हणालं तरी थांब.

मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसव. मग प्लग काढ, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धर, म्हणजे आत साठलेला करंट उतरतो. आता कॅबिनेट उघड. आपल्याकडं उन्हाळ्यात वावटळीनं इतकी धूळ उडते, की दारं लावली तरी आत थर बसतो, आणि माझ्या अनुभवात अशा वेळी खोट बहुतेकदा रॅमपाशीच, म्हणजे मदरबोर्डवर उभ्या खोचलेल्या मेमरीच्या लांबट पट्टीपाशीच, निघते. आधी उघड्या पत्र्याला हात लाव, अंगातली स्थिर वीज जाईल. खिट्ट्या बाजूला दाबून रॅम सरळ वर काढ. खालच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पूस, चुरा झटक, स्लॉटमध्ये कोरडा ब्रश फिरव. बसवताना खाच जुळव. ‘टक्’ आवाज आलाच पाहिजे. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघ.

सुरू झाला, पण तारीख दरवेळी मागं जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा गोल सीआर २०३२ सेल बदल. तो ३ व्होल्टचा, स्वस्तात मिळतो.

एसएमपीएसचा डबा मात्र खोलू नकोस. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर जबर झटका देतात.

एवढं करूनही नुसती बीप वाजत असेल, तर किती वेळा, लांब की आखूड, ते लिहून मला कळव.