धडधड थांबायची वाट बघू नकोस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो, मिटलं की दुप्पट येतो. रात्री अंथरुणात 'आपलं काहीच झालेलं नाही' एवढंच डोक्यात फिरत राहतं. आणि सराव परीक्षेत बीजगणिताला, घरी दहा वेळा सोडवलेलं उदाहरण समोर असूनही हात चालला नाही. ही भीती जाईल कशी, असं तू विचारलंयस. आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईचा फेब्रुवारीच्या सुरुवातीचा किरणोत्सव आत्ताच झाला, म्हणजे दहावीच्या पेपरला जेमतेम तीन आठवडे राहिले. तेवढ्यात भीती घालवत बसायला वेळ नाही, गरजही नाही. धडधडत्या छातीनं पेपर लिहिता येतो, त्याचा सराव मात्र करावा लागतो. आता आपल्या भाषेत जरा इस्कटून सांगतो.

आधी शरीराचं बघू. धोका वाटला की शरीर ॲड्रेनॅलिन सोडतं. हृदय जोरात चालतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार पडतात, पचन मंदावतं म्हणून पोटात ढवळतं. खासबागेत कुस्तीला उतरणाऱ्या पैलवानाचंही हेच होतं, फक्त त्याला ते अंग तयार झाल्याची खूण वाटते. तुला वाटतं, अभ्यास झालेला नाही म्हणूनच हे होतंय. वर्षभर नीट अभ्यास केलेल्या पोरींनाही असंच होतं, तेव्हा गोळ्यावरून तयारी मोजू नकोस.

ही लाट चढते आणि साधारण दहा-वीस मिनिटांत आपली आपण ओसरायला लागते. गडबड होते ती मधेच पुस्तक मिटून मोबाईल हातात घेतला की. तेव्हा लगेच बरं वाटतं, आणि मेंदू त्यातून शिकतो की बीजगणित म्हणजे धोका, पळालं की सुटका. दुसऱ्या दिवशी गोळा आणखी मोठा. म्हणून गोळा आला की उठायचं नाही. त्याच विषयातलं सगळ्यात सोपं काहीतरी काढायचं आणि दहा मिनिटं बसून राहायचं. दहा मिनिटांनी उठलीस तरी हरकत नाही, पण तोवर लाट थोडी उतरलेली असते आणि मेंदूला तेही कळतं.

आता 'काहीच झालेलं नाही' याचा हिशेब. हे वाक्य मोजता येत नाही, म्हणूनच ते रात्री छळतं. एक फुलस्केप घे आणि गणित-विज्ञानाच्या प्रत्येक धड्याला एक ओळ दे. बीजगणिताचे सहा धडे, भूमितीचे सात, विज्ञानाच्या दोन्ही भागांचे दहा-दहा. झाल्या तेहतीस ओळी. प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण कर. पुस्तक मिटून येत असेल तर बरोबर, बघितलं की आठवत असेल तर आडवी रेघ, हातच लावला नसेल तर गोल. ही खूण अंदाजानं करायची नाही. धड्यातला एक प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवून मगच करायची. घाबरलेल्या पोरांना तेहतीसच्या तेहतीस गोल येतील असं वाटत असतं, पण गोल थोडे निघतात, खरी गर्दी आडव्या रेघांची असते. या तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त मार्क त्या आडव्या रेघांतून मिळतात, गोलांतून नव्हे. (विज्ञान भाग २ मध्ये 'सामाजिक आरोग्य' नावाचा धडा आहे, त्यात ताणतणावाचंही दिलंय. तो पाठ होत नाही म्हणून ताण घेणारी मुलं असतात, तू त्यांच्यात जाऊ नकोस.)

आडवी रेघ 'बरोबर' कशी होते ते एका उदाहरणावरून बघ. बहिर्वक्र भिंगाच्या किरणाकृती घे. वस्तूच्या सहा जागा असतात: अनंत अंतरावर, दुप्पट नाभीय अंतराच्या पलीकडे, बरोबर दुप्पट अंतरावर, नाभी आणि दुप्पट अंतर यांच्या मधे, नाभीवर, आणि नाभी व भिंगाच्या मधे. पुस्तकातल्या आकृत्या चार वेळा बघितल्या की ओळखीच्या वाटतात, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असं आपण धरून चालतो. रंगीत हायलायटरनं पान पिवळं करण्यातही हीच फसगत आहे. त्यापेक्षा वीस मिनिटं वाच, पुस्तक मिटव, कोऱ्या पानावर सहाच्या सहा आकृत्या काढ. बहुतेक चौथ्या किंवा सहाव्या आकृतीत अडकशील. अडकलीस तरी तीन-चार मिनिटं पुस्तक उघडू नकोस, आठवायचा प्रयत्न कर. मग उघड, लाल पेननं दुरुस्त कर आणि फक्त चुकलेली आकृती पुन्हा काढ. उद्या एकदा, तीन दिवसांनी एकदा, आठवड्यानं एकदा तेच कर, दर वेळी कोऱ्या पानावर. पहिल्या दिवशी याचा फार त्रास होतो, वाचत बसण्यापेक्षा कितीतरी जास्त. पण पेपरात करायचं असतं ते हेच.

आता त्या अडलेल्या उदाहरणाकडे येतो. घरी येतं आणि वर्गात येत नाही, कारण घरी घड्याळ नसतं, मधे पाणी पिता येतं, चूक झाली तर पान उलटता येतं. पेपरच्या परिस्थितीचा सरावच झालेला नसतो. म्हणून येत्या तीन रविवारी, सकाळी बरोबर अकराला, जेवणाच्या टेबलावर किंवा पाटावर बैस. पंख्याखाली लोळून नको. मोबाईल आईकडे. टेबलावर पेन, पट्टी, पेन्सिल, पाण्याची बाटली, एवढंच. बाहेर कुकरची शिट्टी झाली, शेजारी टीव्ही लागला तरी उठायचं नाही, परीक्षा केंद्रावरही शेजारचा पोरगा बाक हलवतोच.

बीजगणिताचा पेपर चाळीस मार्कांचा, दोन तासांचा. गेल्या काही वर्षांत मंडळ शेवटी दहा मिनिटं जादा देतं, म्हणजे एकशे तीस मिनिटं. ती अशी वाटून घे. पहिला प्रश्न आठ मार्कांचा, त्याला पंधरा मिनिटं. दुसरा बारा मार्कांचा, तीस मिनिटं. तिसरा नऊ मार्कांचा, तीस मिनिटं. चौथा आठ मार्कांचा, त्यालाही तीस, कारण शाब्दिक उदाहरणं मांडायला वेळ लागतो. पाचवा तीन मार्कांचा, दहा मिनिटं. उरली पंधरा. त्यातली पाच सुरुवातीला बैठक क्रमांक अंकात नि अक्षरात लिहिण्यात आणि पेपर नजरेखालून घालण्यात जातात, दहा शेवटी तपासायला. या वेळा छोट्या चिठ्ठीवर लिहून तीन रविवार समोर ठेव. चौथ्यांदा चिठ्ठी लागणार नाही.

आणि आता मुद्दाम अडकायचा सराव. दर रविवारी आईला सांग, पेपर सुरू झाल्यावर कधीतरी एकदा येऊन 'थांब' म्हण. ती 'थांब' म्हणाली की डोकं कोरं झालं असं धरायचं आणि पुढचं करायचं. पेन खाली ठेव. दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकव. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत हळू बाहेर. असं पाच वेळा. पन्नास सेकंद लागतात. मग त्याच प्रश्नाकडे परत जायचं नाही. एक मार्काचा, येणारा एखादा प्रश्न शोधायचा आणि त्याची एक ओळ लिहायची. हात चालू झाला की डोकं मागून येतं. अडलेल्या उदाहरणाला अर्धं पान कोरं सोडायचं, समासात पेन्सिलीनं बारीक खूण करायची नि पुढं सरकायचं. एका उदाहरणावर दोन मिनिटांत पहिली पायरी सुचली नाही तर हाच नियम. पोरांचे मार्क अवघड प्रश्नापेक्षा त्याच्यावर घालवलेल्या वीस मिनिटांत जास्त जातात.

श्वासाबद्दल एक सावध करतो. 'खोल श्वास घे' असं सगळेच सांगतात आणि घाबरलेलं पोरगं भराभर मोठमोठे श्वास आत ओढतं. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांना नि बोटांना मुंग्या येतात, चक्कर आल्यासारखं होतं आणि भीती आणखी वाढते. भर बाहेर सोडण्यावर द्यायचा, आतला श्वास साधाच ठेवायचा. हे पहिल्यांदा परीक्षेच्या वर्गात करून उपयोग नाही. आजपासून रोज दोनदा कर, एकदा सकाळी आणि एकदा झोपताना.

रात्रीच्या विचारांना त्यांची वेळ ठरवून दे. संध्याकाळी सातला दहा मिनिटं, वहीच्या शेवटच्या पानावर जे जे छळतंय ते लिहून काढ, अगदी 'मार्क कमी पडले तर काकू काय म्हणेल' इथपर्यंत. पुढे एका शब्दात लिही: हातात आहे, किंवा नाही. हातात असेल त्यापुढे उद्याचं एक काम. रात्री अकराला तोच विचार आला तर 'उद्या सातला' म्हणून कूस बदलायची. पहिले तीन-चार दिवस हे हास्यास्पद वाटेल.

झोपेचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुला ठाऊक आहे आणि तू ऐकत नाहीस. तुझ्या वयाला कमीत कमी आठ तास लागतात. दिवसभर केलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेत, त्यामुळे तीनपर्यंत जागून केलेला अभ्यास बराचसा वाया जातो. दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद, कारण कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं आणि छातीची धडधडही वाढवतं. सकाळी रंकाळ्यावर किंवा आपल्या गल्लीत वीस मिनिटं भरभर चाल. पेपरच्या सकाळी पोहे, उप्पीट, दूध-भाकरी, जे रोज खातेस तेच. मिसळ पेपर संपल्यावर. मैदानावर फुटबॉलचे सामने ऐन रंगात असतील आणि भावाबरोबर जावंसं वाटेल, तर आठवड्यातून एक सामना खुशाल बघ, मी रागावणार नाही. व्हॉट्सॲपवर रोज नवी 'आयएमपी' प्रश्नांची यादी नि पेपर फुटल्याच्या वावड्या टाकणाऱ्या ग्रुपमधून मात्र आजच बाहेर पड.

घरच्यांचं. बाबा दर जेवणाला 'किती पडतील?' विचारतात, त्यांना उलट उत्तर देऊ नकोस नि रडूही नकोस. सांग, 'बाबा, मार्कांचं विचारू नका, रोज रात्री नऊला मी तुम्हाला तो तेहतीस ओळींचा कागद दाखवते.' त्यांना काळजी असते आणि धरायला काही नसतं, म्हणून ते आकडा धरतात. कागद दिलास की बहुतेक ते खुणा मोजायला लागतील. शेजारच्या मुलीशी तुलना झाली तर त्यावर इलाज नाही. पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा.

आणि घरात सगळ्यांनी मिळून एकदा हा हिशेब बघा. सहा विषय, सहाशे मार्क, पण टक्के काढताना सर्वांत चांगले पाच विषय धरतात, पाचशेपैकी. एखादा विषय हुकला तर तो पास होण्यापुरता हवा, टक्केवारी त्याच्यावर अडत नाही. प्रत्येक विषयाचे वीस मार्क तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे, ते लेखी पेपरात ठरत नाहीत. अगदी वाईटात वाईट झालं, एक-दोन विषय राहिले, तरी पुरवणी परीक्षा त्याच वर्षी असते आणि एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. हे आळस करायला सांगत नाही. दरी किती खोल आहे ते माहीत नसलं की माणूस काठावरच गोठतो, म्हणून सांगतोय.

एक गोष्ट मात्र या पत्रातल्या युक्त्यांनी सुटणारी नाही. दोन आठवडे झोप लागत नाही, जेवण तुटलं, शाळेला जाणंच टाळतेस, किंवा 'मी नसलेलंच बरं' असा विचार एकदाही आला, तर त्याच दिवशी आईला, मला किंवा वर्गशिक्षिकांना सांगायचं. परीक्षा झाल्यावर नव्हे. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आपल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढून दाखवायचं, तापाला दाखवतो तसंच. घरातल्या कुणाच्या झोपेच्या गोळ्या मात्र हातात घ्यायच्या नाहीत.

पेपरच्या दिवशी हॉलतिकीट, दोन निळी पेनं, कंपास आदल्या रात्रीच दप्तरात. केंद्रावर साडेदहाला पोहोच, केएमटीच्या शहर बसनं जाणार असशील तर एक बस आधीची धर. गेटवर पोरी 'तू अर्थनियोजनाचा धडा केलास का?' म्हणून घेरतील, त्यांच्यापासून दहा पावलं लांब उभी राहा. पेपर सुटल्यावर उत्तरं जुळवायची नाहीत, सरळ घरी ये, जेव, तासभर झोप आणि पुढच्या विषयाचा कागद काढ.

आज रात्री एवढंच कर: तेहतीस ओळी लिही, पण खुणा करू नकोस. खुणा उद्यापासून, दिवसाला अकरा. तीन दिवसांत कागद भरेल. रविवारी पहिला पेपर अकराला सुरू कर आणि दुपारी चारच्या पुढे तो पेपर नि खुणांचा कागद दोन्ही घेऊन माझ्याकडे ये. किती मार्क पडले ते मला नको. कुठल्या प्रश्नाला 'थांब' झालं आणि त्यानंतर तू पहिली ओळ कोणती लिहिलीस, ते बघायचंय.

तुझे,
सर