‘मला जमतच नाही’ हे मनातून काढलं की आत्मविश्वास येतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलाखतीला बसलं की तोंडातून शब्द फुटत नाही, लहानपणापासून घरात ‘ह्याला काही जमायचं नाही’ हेच ऐकत आलात, आणि आता एका मित्राने सांगितलंय की रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी आत्मविश्वासू आहे’ असं एकवीस दिवस म्हण. उपयोग होईल का, असा तुमचा प्रश्न.

मी काही मानसशास्त्राची जाणकार नाही. पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते, बारा वर्षं झाली. पण आरशाचा प्रयोग करून बसलेली आहे, म्हणून लिहायचं धाडस करते.

मी मूळची उदगीरकडची. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून पुण्यात आले आणि पहिल्याच आठवड्यात काउंटरवर एका पेशंटला म्हणाले, ‘चहा नको, पानी पिलं तर चालतंय.’ शेजारच्या मुलीने ‘पानी’ एवढंच परत म्हटलं आणि दोघी हसल्या. झालं. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष मी पाण्याला वॉटर म्हणत होते. ‘काका, वॉटर चालेल.’ आज सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

त्याच महिन्यात एका आजींची शीर हुकली. हातावर काळंनिळं झालं, त्यांचा मुलगा ओरडला, ‘नवीन आहे का ही? दुसऱ्या कुणाला बोलवा.’ त्या दिवसापासून म्हातारं माणूस समोर बसलं की माझा हात थरथरायचा. बारीक शिरेचा पेशंट दिसला की मी ट्यूब लावायचं निमित्त काढून आत सटकायचे.

तेव्हा मीही आरसा धरला. हडपसरला कॉट बेसिसवर राहायचे, पाचजणींत एक बाथरूम. तिथे कडी लावून पुटपुटायचे, ‘मी उत्तम टेक्निशियन आहे.’ आतून लगेच उत्तर यायचं, ‘हो का? मग काल काय झालं?’ चौथ्या दिवशी सोडलं. वर हेही वाटलं की साधं आरशासमोर बोलणंसुद्धा आपल्याला जमत नाही!

पुढे कळलं की हा माझाच दोष नव्हता. जोआन वूड या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल मुळात बरं मत होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा होता, म्हणजे ज्यांच्यासाठी हे औषध सांगितलं जातं, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. न पटणारं वाक्य म्हटलं की मन लगेच त्याच्याविरुद्धचे पुरावे काढून बसतं.

एकवीस दिवसांची गोष्टही अशीच. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. त्यांनी 1960 साली लिहिलं की ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला निदान एकवीस दिवस लागतात. लोकांनी ‘निदान’ गाळलं आणि आकडा ठेवला. नंतर लंडनमध्ये 96 जणांवर सवयींचा अभ्यास झाला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, कुणाला अंदाजाने काढलेल्या हिशेबात 254. पण माल्ट्झच्या दुसऱ्या निरीक्षणाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. नाक सरळ झालं, व्रण गेला, तरी काही पेशंट आरशात बघून म्हणायचे, काहीच फरक नाही. चेहरा बदलला होता, मनातलं चित्र जुनंच होतं.

माझं चित्र बदललं ते आमच्या सीनियर मॅडममुळे. मी त्यांना रडत सांगितलं, चारातलं एक हुकतंय माझं. त्या म्हणाल्या, ‘मोजलंस?’ मोजलं नव्हतं. त्यांनी रजिस्टरमधलं एक पाठकोरं पान फाडून दिलं. रक्त काढलं की एक उभी रेघ, दुसऱ्यांदा टोचावं लागलं तर फुली. सहा दिवसांत 187 जण झाले आणि फुल्या नऊ. चारात एक कुठे आणि शंभरात पाच कुठे! त्या नऊतले चार तर कॅन्सरची केमो चालू असलेले पेशंट, जिथे मॅडमनाही दोनदा टोचावं लागतं. मला मात्र नऊच्या नऊ चेहरे पाठ होते आणि बाकीच्या 178 जणांतला एकही आठवत नव्हता. चहाच्या गाळणीसारखं असतं हे, चहा निघून जातो आणि चोथा वर राहतो. ‘ताई, हात हलका आहे हो तुमचा’ असं कितीतरी जण म्हणाले असतील. ते मी बोलायची पद्धत म्हणून सोडून द्यायचे.

पण नुसतं मोजून काम झालं नाही. उरलेल्या पाच फुल्यांसाठी मॅडम दोन दिवस माझ्यामागे उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तुझा डावा अंगठा कुठे असतो बघ.’ म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल, आत शीर सरकते. सुई घालायच्या आधी अंगठ्याने खालची कातडी ताणून धरावी लागते, म्हणजे शीर जागेवर राहते. मी घाईत अंगठा ठेवायचे, पण ताणायचे नाही. शिवाय मी शीर डोळ्यांनी शोधत होते. ती बोटाने चाचपायची असते. दाबून सोडली की उसळते ती शीर. दिसते म्हणून निळी रेघ धरायला गेलात की फसलात.

म्हणजे इतके महिने ‘मी अशीच, धांदरट’ म्हणून ज्याला कवटाळून बसले होते, ते एका अंगठ्याचं काम होतं. आपण चुकीला ‘मी अशी आहे’ म्हणतो तिथे सगळं अडतं. ‘मी असं करते’ म्हटलं की निदान कुठे हात घालायचा ते कळतं. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली मांडलं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो ते काम स्वतः करून जमल्यावर; दुसऱ्याने ‘जमेल रे तुला’ म्हटल्याचा असर त्या मानाने लवकर उतरतो. माझा अनुभव हाच. आधी हात स्थिर झाला, विश्वास नंतर आला, तोही कधी आला ते कळलं नाही.

‘पानी’चं काय झालं? ण शिकले मी, येतो आता. पण एकदा नांदेडकडचे एक काका सुई बघून हात मागे घेत होते. त्यांच्याशी बोलताना माझ्या तोंडून जुनंच ‘पानी’ निसटलं. त्यांनी विचारलं, ‘कुठल्या गावच्या ओ तुम्ही?’ आणि गावांची नावं निघेपर्यंत ट्यूब भरली होती. हसलेल्या त्या मुलीला मी चारेक वर्षांनी हा किस्सा सांगितला. तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. अमेरिकेत गिलोविच नावाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना लाजिरवाणा टी-शर्ट घालून वर्गात पाठवलं होतं. घालणाऱ्यांना वाटलं निम्म्या लोकांनी पाहिलं असणार; प्रत्यक्षात चौघांत एकाच्या लक्षात आलं होतं.

आता तुमच्या मुलाखतीचं. सरावासाठी मोबाइलवर स्वतःची उत्तरं रेकॉर्ड करा. ऐकताना ‘शी, हा माझा आवाज?’ असं वाटेल. सगळ्यांना वाटतं. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो म्हणून तो आतून जास्त भरदार वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये ते हाड नसतं. म्हणून पहिल्या दोन रेकॉर्डिंगवरून काही ठरवू नका. तिसऱ्यात फक्त एक गोष्ट बघा: कुठल्या प्रश्नाला अडखळता. तिथे तुमचा अंगठा आहे.

एक मात्र सांगून ठेवते. झोप उडालीय, उठावंसं वाटत नाही, जगून काय करू असे विचार येतात, असं असेल तर हे रेघा-फुल्यांचं काम नाही. डॉक्टरकडे जा, किंवा टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मीही सगळं जिंकलेलं नाही. तान्ह्या बाळाचं रक्त काढायचं असलं की आजही मी सहकाऱ्याला हाक मारते. पान मात्र चालू आहे, बाळांसाठी वेगळं केलंय.

मुलाखत असेल त्याच्या आदल्या रात्री एका कागदावर लिहा, दहातल्या किती प्रश्नांना गप्प बसाल असं वाटतं; मुलाखत झाली की खरे किती झाले ते शेजारी मांडा. आदल्या रात्रीच लिहा. नंतर लिहायला बसलात तर मन आकडा फिरवतं.