लेव्हल स्कीममध्ये काय नाही, ते आधी बघ

प्रिय बेटा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला अणुकेंद्रकाची सममिती आणि परिवलन हा विषय मिळाला, ग्रुप थिअरी (सममितीचं गणित) डोक्यावरून जाते, कॉलेजात डिटेक्टर नाही, पुस्तकं सगळी इंग्रजीत. पुस्तकांची अडचण खरी आहे, पण ती तुझ्या एकटीची नाही. डिटेक्टरवाचून काहीच अडत नाही, ते पुढे सांगते. आणि ग्रुप थिअरी सध्या बाजूला ठेव. आधी ती घोकून मग न्यूक्लियसकडे वळलेली मुलं मी बरीच पाहिली. त्यांना एसयू-थ्री हा त्यातला गट फळ्यावर लिहिता येतो, पण युरेनियमच्या पातळ्या समोर ठेवल्या की गप्प बसतात.

माझ्या मते सममितीचं पहिलं काम मनाई करणं आहे. अमुक होणार नाही, तमुक दिसणार नाही. म्हणून कुठलीही लेव्हल स्कीम, म्हणजे केंद्रकाच्या ऊर्जा-पातळ्यांची शिडी, उघडलीस की आधी काय नाही ते शोध.

एक लिंबू घे आणि त्याच्या लांब अक्षाभोवती फिरव. साल अगदी एकसारखी, बिनडागाची आहे असं धर. फिरवण्याआधीच्या आणि नंतरच्या लिंबात फरक सांगता येईल? नाही. तरी रोजच्या व्यवहारात आपण ते फिरलं असंच म्हणतो. क्वांटममध्ये तसं म्हणता येत नाही. अवस्थाच बदलली नाही तर ते परिवलन नव्हे, आणि त्याची वेगळी ऊर्जाही नसते. म्हणून पूर्ण गोल केंद्रक एकसंध असं फिरतच नाही, आणि लिंबाच्या आकाराचं केंद्रक फिरतं ते आडव्या अक्षाभोवती, टोकावर टोक येईल असं. आता तेच लिंबू अर्धा फेरा उलटं कर. दोन्ही टोकं सारखी, म्हणजे पुन्हा जसंच्या तसं. या दुसऱ्या सममितीमुळे सम प्रोटॉन, सम न्यूट्रॉन असलेल्या केंद्रकाच्या तळच्या पट्ट्यातून, म्हणजे सगळ्यात खालच्या परिवलन-पातळ्यांच्या ओळीतून, विषम स्पिनच्या (स्पिन म्हणजे फिरण्याचं माप) सगळ्या पातळ्या बाद होतात. उरतात ०, २, ४, ६, ८. (खऱ्या लिंबाला एका टोकाला देठाची खूण असते. वर्गात हे दाखवायचे तेव्हा पहिल्या बाकावरची मुलं हटकून ती खूण दाखवायची, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्या खुणेकडे पुढे येऊ.)

आता आकडे. ब्रुकहेवनच्या आण्विक डेटा केंद्राची नूडॅट नावाची सोय मोबाईलवर फुकट उघडते. तुमच्याकडे हरभऱ्याला ओलित करायला लाईन रात्रीच मिळते, हे मला ठाऊक आहे. मोटर चालू करून बांधावर बसलीस तरी एवढं काम होतं. युरेनियम-२३८ उघड. पहिली पातळी स्पिन २ ची, ४४.९ केईव्हीवर (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक). पुढची ४ ची, १४८.४ वर. मग ६ ची ३०७ आणि ८ ची ५१८. फिरणाऱ्या वस्तूची ऊर्जा स्पिन आणि स्पिन अधिक एक यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात जाते, म्हणजे ६, २०, ४२, ७२ या प्रमाणात. २० भागिले ६ म्हणजे ३.३३. प्रत्यक्षात १४८.४ भागिले ४४.९ किती येतं ते तूच काढ. हे केंद्रक नुसतं थरथरत असतं तर हे गुणोत्तर २ च्या जवळपास आलं असतं. एका भागाकारात केंद्रकाचा स्वभाव कळतो. प्रोजेक्टचं पहिलं प्रकरण मी इथूनच सुरू करेन.

इतिहासाला एक परिच्छेद पुरे. काही केंद्रकांची क्वाड्रुपोल आघूर्णं (विद्युतभाराचा आकार गोलापासून किती ढळला याचं माप) एकट्या प्रोटॉनच्या मानाने फारच मोठी होती. बाहेरचा कण आतल्या गाभ्याचा आकारच ताणत असणार, हे रेनवॉटर यांनी १९५० मध्ये मांडलं. ओगे बोर आणि मॉटेलसन यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यावर परिवलनाचं पूर्ण चित्र उभं केलं. तिघांना १९७५ चं नोबेल मिळालं.

खरी गंमत जडत्व आघूर्णात (वस्तू फिरवायला किती जड याचं माप) आहे, तिथे घाई करू नकोस. युरेनियम-२३८ हा घट्ट गोळा आहे असं धर, त्रिज्या १.२ फर्मी (केंद्रकाच्या मापाचं लांबीचं एकक) गुणिले २३८ चं घनमूळ, आणि घट्ट गोळ्याचं बी.एस्सी.तलं सूत्र लाव. पातळ्यांच्या सूत्रातला स्थिरांक साधारण ४ केईव्ही येतो. मोजमापातून तो ४४.९ भागिले ६, म्हणजे साडेसातच्या आसपास आहे. स्थिरांक जवळजवळ दुप्पट म्हणजे जडत्व जवळजवळ निम्मं. बाकीचा माल फिरण्यात सामील का होत नाही? कारण न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन) जोड्या बांधून असतात आणि द्रव्य काहीसं अतिप्रवाही, घर्षणाविना वाहणाऱ्या द्रवासारखं वागतं. अतिवाहकतेतली ही कल्पना बोर, मॉटेलसन आणि पाइन्स यांनी १९५८ मध्ये केंद्रकाला लावली. आता वरच्या पातळ्या पुन्हा बघ. ४४.९ वरून मोजलं तर स्पिन ६ ला ३१४ यायला हवे होते, आहेत ३०७. स्पिन ८ ला ५३९ हवे होते, आहेत ५१८. वेग वाढतो तसा कोरिऑलिस बल (फिरत्या वस्तूच्या आत जाणवणारं बल) जोड्या सैल करतं आणि जडत्व वाढत जातं. डिस्प्रोशियम-१६० मध्ये तर एका टप्प्यावर वेगासमोर काढलेला जडत्वाचा आलेख चक्क मागे वळतो. हे बॅकबेंडिंग १९७१ मध्ये स्वीडनमध्ये सापडलं. तोंडी परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो.

आता देठाची खूण. एक टोक जाड आणि दुसरं निमुळतं असलं तर अर्ध्या फेऱ्याची ती सममिती मोडते आणि तिने घातलेली मनाई उठते. रेडियम-२२४ बघ: २ ची पातळी ८४ केईव्हीवर, १ ची २१६ वर, ४ ची २५१ वर, ३ ची २९० वर. विषम पातळ्या उलट पॅरिटी (सगळ्या दिशा उलटवल्यावर अवस्थेचं चिन्ह बदलतं की नाही तो गुण) घेऊन समांच्या मधे येऊन बसल्या आहेत. सर्नच्या आयसोल्ड केंद्रात या केंद्रकाचा आकार मोजला गेला आणि २०१३ मध्ये त्याचं एकीकडे फुगीर असणं पक्कं झालं. अशी केंद्रकं कालव्युत्क्रम सममिती (काळ उलटा चालवला तरी नियम तेच राहणं) तुटते का, हे तपासायला फार कामाची आहेत, पण तो विषय तुझ्या प्रोजेक्टमध्ये कोंबू नकोस.

उलट टोकाला शिसं-२०८ आहे. प्रोटॉन ८२, न्यूट्रॉन १२६, दोन्ही जादुई संख्या (कवचं पूर्ण भरणाऱ्या), आकार गोल. पहिली उत्तेजित पातळी थेट २६१४ केईव्हीवर, आणि तीही परिवलनाची नाही. हीच २६१४ ची रेघ जवळपास प्रत्येक गॅमा डिटेक्टरच्या पार्श्वभूमीत दिसते, कारण मातीत आणि विटांत थोडं थोरियम असतंच आणि त्याची क्षयमालिका या शिशापाशी संपते. तुमच्या शेतातली काळी मातीही त्याला अपवाद नाही.

पण 'गोल म्हणजे फिरणार नाही' एवढ्यावर थांबलीस तर परीक्षक अडवेल. शिशाच्याच काही हलक्या समस्थानिकांत, आकार जवळजवळ गोल असूनही, नियमित अंतराच्या गॅमा रेषांचे पट्टे सापडले. त्यांचं स्पष्टीकरण फ्राउएनडॉर्फ यांनी दिलं: इथे सममिती मोडतो तो वस्तुमानाचा आकार नाही, तर मोजक्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे विद्युतप्रवाह आणि त्यांचं चुंबकीय आघूर्ण. याला चुंबकीय परिवलन म्हणतात. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण फिरणं दिसायला काहीतरी खूण लागते, पण ती आकाराचीच असावी असं नाही, हे इथे उघड होतं.

अशा पट्ट्यांवर भारतातही मोजमापं होतात. इंगा नावाची गॅमा डिटेक्टरांची रचना मुंबईचं टीआयएफआर, दिल्लीचं आययूएसी आणि कोलकात्याचं व्हीईसीसी यांच्या प्रवेगकांवर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रांवर) आळीपाळीने बसवली गेली आहे. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचा फॉर्म यंदा भरच. शिफारसपत्र मी देईन. तुमच्या सरांचंही घे, मागायला लाजू नकोस. फॉर्ममध्ये 'मला संशोधनाची आवड आहे' असलं काही लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. युरेनियमचा भागाकार लिही आणि जडत्व निम्मं का भरतं ते चार ओळींत मांड.

तोवर एर्बियम-१६६ आणि रेडियम-२२४ यांचे आलेख एकाच ग्राफपेपरवर काढ, आडवा अक्ष स्पिन गुणिले स्पिन अधिक एक असा घे, आणि फोटो पाठव. रेडियमच्या विषम पातळ्यांना वेगळी शाई वापर. त्यांची रेघ समांच्या रेघेपेक्षा वर का राहते, आणि स्पिन वाढल्यावर ती खाली येऊन तिला मिळते का, हे मला तुझ्या शब्दांत हवं आहे. मराठीत लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
मॅडम