अन्ननलिकेचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतर आलेला ग्रंथींचा अहवाल

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६२) अन्ननलिकेच्या मधल्या भागात स्क्वॅमस प्रकारचा (आतील अस्तराच्या चपट्या पेशींचा) कर्करोग झाला. पाच आठवडे रेडिएशन आणि सोबत दर आठवड्याला केमो झाल्यावर पेट स्कॅनमध्ये ग्रंथींत आजार दिसत नाही असे सांगण्यात आले आणि मग शस्त्रक्रिया झाली. आता अहवालात ‘२४ पैकी २ लसीका ग्रंथींमध्ये (लिम्फ नोड्समध्ये) कर्करोग’ असे आले आहे. स्कॅन चुकला का? इतक्या ग्रंथी का काढल्या? आजार चौथ्या स्टेजला गेला का? त्यांचा आवाजही बसला आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी चौथ्या स्टेजची भीती दूर करतो. एक किंवा दोन ग्रंथी बाधित असतील तर ‘एन-१’, तीन ते सहा असतील तर ‘एन-२’ आणि सात किंवा अधिक असतील तर ‘एन-३’ असे वर्गीकरण केले जाते. आपल्या वडिलांचा आजार ‘एन-१’मध्ये येतो. मूळ गाठ अन्ननलिकेच्या स्नायूंच्या थरापर्यंतच असेल तर केमो-रेडिएशननंतरच्या वर्गीकरणाप्रमाणे ही स्टेज ३-अ ठरते आणि ती त्या थराबाहेर गेली असेल, पण शेजारच्या अवयवात शिरली नसेल, तर ३-ब. आजार गंभीर आहे, परंतु अन्ननलिकेलगतच्या ग्रंथींत आजार सापडणे आणि तो यकृतात किंवा फुप्फुसात जाणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

स्कॅन चुकला असे मी म्हणणार नाही. पेट स्कॅनमध्ये टोचलेले किरणोत्सर्गी द्रव्य कर्करोगाच्या पेशींत साठते आणि ती जागा चित्रात उजळ दिसते. ग्रंथीत काही मिलिमीटरचाच आजार उरला असेल तर पेट स्कॅनला तो दिसत नाही, आणि ग्रंथी मूळ गाठीला अगदी खेटून असेल तर गाठीच्या प्रकाशातच ती झाकली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पेशींचा लहानसा पुंजकाही ओळखता येतो.

इतक्या ग्रंथी काढण्यामागचे कारण अन्ननलिकेच्या रचनेत आहे. तिच्या आतल्या थरांत लसीकावाहिन्यांचे दाट जाळे असते आणि ते आडवे कमी, उभे अधिक पसरते. त्यामुळे छातीच्या मध्यावरील गाठीतून निघालेल्या पेशी जवळच्या ग्रंथी ओलांडून थेट मानेकडे किंवा जठराजवळच्या ग्रंथींकडे पोहोचू शकतात. कोणती ग्रंथी बाधित आहे हे हाताला नेहमी कळत नाही, म्हणून छातीतील आणि पोटाच्या वरच्या भागातील ग्रंथी समूहानेच काढाव्या लागतात. किमान १५ ग्रंथी तपासल्या जाव्यात असा संकेत आहे, कारण मोजक्याच ग्रंथी तपासून ‘आजार नाही’ म्हटले तर त्यावर विसंबता येत नाही. रेडिएशनने ग्रंथी आकसतात, हे लक्षात घेता २४ ही संख्या मला समाधानकारक वाटते.

आधीचे उपचार वाया गेले असेही समजू नका. याच पद्धतीच्या केमो-रेडिएशनची नेदरलँड्समधील ‘क्रॉस’ चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीत थेट शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७५ टक्के रुग्णांच्या ग्रंथी बाधित निघाल्या, तर आधी केमो-रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते.

पुढच्या उपचारांसाठी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध लढायला मदत करणाऱ्या) औषधाविषयी अवश्य विचारा. केमो-रेडिएशन आणि संपूर्ण शस्त्रक्रियेनंतरही अहवालात आजार उरलेल्या रुग्णांना ते वर्षभर दिले जाते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोगमुक्त कालावधीचा मध्यांक (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक काळ रोगमुक्त राहिले तो काळ) ११ महिन्यांवरून सुमारे २२ महिन्यांवर गेला आणि स्क्वॅमस प्रकारात लाभ अधिक दिसला; एकूण आयुष्य निश्चित वाढते, हे मात्र पुढील निष्कर्षांत सिद्ध झाले नाही. औषध अतिशय महाग आहे. घर किंवा शेत विकून ते द्यावेच, असा सल्ला मी देणार नाही; खर्च, प्रकृती आणि वडिलांची स्वतःची इच्छा या तिन्ही गोष्टी समोर ठेवून निर्णय घ्या. म्हणूनच अहवाल त्यांच्यापासून लपवू नये, असे मला मनापासून वाटते.

राहिला आवाज. स्वरयंत्राच्या हालचाली सांभाळणाऱ्या नसांना लागूनच ग्रंथींची एक साखळी असते आणि ती काढताना नस ताणली जाऊन आवाज बसू शकतो. नस तुटलेली नसेल तर पुष्कळदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारणा होते. तोपर्यंत पाणी, चहा यांसारखे पातळ पदार्थ पिताना ठसका लागतो का, याकडे बारकाईने लक्ष ठेवा. लागत असेल तर पदार्थ फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो, तेव्हा त्याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची दुर्बिणीने तपासणी करून घ्या आणि गिळण्याचे व्यायाम शिकून घ्या.