तेल थिजतं का, खवट का होतं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

तेलाबद्दल जे प्रश्न येतात त्यात घोळ बहुतेक एकच असतो, बाटलीवरचं नाव सगळे वाचतात पण आतल्या रेणूचा आकार कसा आहे हे कोणी विचारत नाही.

प्रश्न: थंडीत खोबरेल गोठलं म्हणजे ते शुद्धच ना?

नाही. साधारण २४ डिग्रीच्या खाली खोबरेल थिजतंच, पण पामतेलही थिजतं, त्यामुळे भेसळीचा संशय असेल तर सॅम्पल लॅबमध्ये द्या.

प्रश्न: 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं तेल घ्यावं का?

वनस्पतींच्या तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असतं, मग ते छापून कंपनी तुम्हाला जास्तीचं काय देते? ही निव्वळ दिशाभूल आहे. रिपोर्ट वाढलेला असेल तर तो घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: डालडा तेलापासूनच करतात, मग तो घट्ट कसा?

तेल ज्या फॅटी अॅसिडांचं बनतं त्यातलं एक म्हणजे ओलिक अॅसिड, त्यात १८ कार्बनची साखळी असते आणि मधोमध एक डबल बाँड, म्हणजे दोन कार्बनमधला दुहेरी बंध, तिथे साखळीला बाक येतो, वाकड्या साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत म्हणून ते १३-१४ डिग्रीलाच वितळतं. निकेलच्या मदतीनं हायड्रोजन घालून डबल बाँड काढला की स्टिअरिक अॅसिड, कार्बन तेवढेच पण साखळी सरळ, वितळायला जवळपास ७० डिग्री लागतात. हे काम अर्धवट केलं की काही डबल बाँड राहतात पण उलटे फिरून, साखळी जवळजवळ सरळच, हेच ट्रान्स फॅट. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे त्याची मर्यादा २ टक्के आहे.

प्रश्न: ओमेगा-३ साठी जवसाच्या तेलात चकल्या तळल्या, उरलेलं तेल गाळून ठेवलंय, वापरू का?

टाकून द्या, आणि पुन्हा त्यात तळू नका. हे मी किती वेळा सांगितलंय, तरी फॉरवर्ड वाचून लोक तळतातच! जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलेनिक अॅसिड असतं, हेच त्यातलं ओमेगा-३, त्यात तीन डबल बाँड, आणि दोन डबल बाँडच्या मधे जो कार्बन सापडतो त्याचा हायड्रोजन फार सैल धरलेला असतो. कढई तापली की तो सुटतो, तिथे ऑक्सिजन येऊन बसतो, तो रेणू शेजारच्याचा हायड्रोजन ओढतो, मग त्याच्या शेजारच्याचा, आणि शेवटी साखळ्या तुटून अल्डिहाइड तयार होतात, खवट वास त्यांचाच. चित्रकार ऑइल पेंटमध्ये जवसाचंच तेल वापरतात कारण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन साखळ्या जोडत घट्ट पापुद्रा धरतं, म्हणजे जो गुण रंगाला हवा तोच कढईत नको. ज्या ओमेगा-३ साठी तेल आणलं तेच आधी जळतं. आणि गाळल्यानं जळके कण जातात, तेलात विरघळलेलं काहीच जात नाही. तेल तापून बिघडलं की जे तयार होतं त्याला पोलर घटक म्हणतात, हॉटेलवाल्यांना त्यांची २५ टक्के मर्यादा आहे, ती मोजायला मीटर लागतो, घरी नुसतं बघून कळत नाही, म्हणून वास यायची वाट बघत बसू नका. तळायला शेंगदाण्याचं घ्या, त्यात ओलिक जास्त असतं, तेही कढईत थोडंच.

प्रश्न: मग जवसाचं तेल खायचं कसं?

कच्चं, चटणीवर किंवा भाकरीबरोबर. छोटी गडद बाटली आणा, फ्रिजमध्ये ठेवा, कडवट लागलं तर फेकून द्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रोज घ्यायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.