पर्यावरण जपणाऱ्या कंपनीत निम्मी पुंजी घालावी का?

तुमचा प्रश्न असा: निवृत्तीसाठी इंडेक्स फंडात (बाजार निर्देशांकातल्या अनेक कंपन्यांत एकदम पैसे गुंतवणाऱ्या फंडात) साठवलेली निम्मी रक्कम काढून, पर्यावरणासाठी मोठा कार्यक्रम जाहीर केलेल्या एका कंपनीचे शेअर घ्यावेत का? जी कंपनी निसर्ग जपते ती नफ्यातही पुढे राहील, असं तुम्हाला वाटतं.

हेतू मला मनापासून पटतो. पण निम्मी रक्कम एकाच शेअरमध्ये घालू नका.

पर्यावरणावरचा खर्च मुख्य धंद्याशी जोडलेला असेल, तर तो वसूल होऊ शकतो. थ्री-एम या अमेरिकी उत्पादक कंपनीचं बघा. प्रदूषण निस्तरत बसण्यापेक्षा ते होऊच न देणं स्वस्त पडतं, हे धरून तिने १९७५ मध्ये एक कार्यक्रम सुरू केला. उत्पादनाची प्रक्रिया बदलली, यंत्रांची रचना सुधारली, वाया जाणारा माल पुन्हा वापरला. कच्चा माल वाचला, विल्हेवाटीचा खर्चही वाचला. आणि याच कंपनीला २०२३ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या ‘पीएफएएस’ या सहजी नष्ट न होणाऱ्या रसायनांवरून अमेरिकेतल्या पाणीपुरवठा यंत्रणांशी किमान १०.३ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. ही रसायनं ती कित्येक दशकं बनवत होती! चांगला उपक्रम आणि प्रचंड देणी एकाच ताळेबंदात असू शकतात ती अशी.

म्हणून वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांवरच्या टिपा वाचा. संभाव्य देणी किती, खटले कोणते, दर टन उत्पादनामागे लागणारी वीज आणि पाणी गेल्या पाच वर्षांत घटलं का? किती झाडं लावली, या आकड्यावर मी तरी पैसे लावणार नाही. पर्यावरणाबाबत कंपन्यांना मिळणाऱ्या रेटिंगवरही विसंबू नका. सप्टेंबर २०१५ मध्ये डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात फोक्सवॅगन वाहन उद्योगात अव्वल ठरली आणि त्याच महिन्यात तिचा डिझेल घोटाळा उघड झाला.

काम अस्सल असलं तरी कर्ज आणि शेअरचा भाव बघावाच लागतो. डेन्मार्कची ऑर्स्टेड कोळसा सोडून समुद्रातल्या पवनऊर्जेकडे खरोखर वळली. पण वाढलेले व्याजदर आणि रखडलेला पुरवठा यांमुळे २०२३ मध्ये तिने अमेरिकेतले दोन प्रकल्प सोडले, तेव्हा शेअर एका दिवसात सुमारे पाव भागाने कोसळला. पवनऊर्जेत बहुतेक खर्च आधी करावा लागतो, त्यामुळे व्याजाचा फटका जास्त बसतो.

इंडेक्स फंड आहे तसा राहू द्या. अहवाल वाचूनही या कंपनीवर विश्वास कायम राहिला, तर एकूण पुंजीच्या ५ टक्क्यांपर्यंत रक्कम तीन-चार टप्प्यांत गुंतवा. निवृत्तीला पाचेक वर्षंच उरली असतील, तर तेवढीही नको.